तिसरं सील

कुब्लू आमच्या तंबूत यायचा तेव्हा माझी बायको आधी चहाचे पेले उचलून बाजूला ठेवायची आणि मगच त्याला ये म्हणायची. कारण हा माणूस बसायचाच नाही. चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. डाव्या हातात वॉलरसच्या सुळ्याचा तुकडा, उजव्या हातात कानस, आणि चालता चालताच घासणं. पांढरी भुकटी आमच्या चहात, सुकवलेल्या माशांवर, पोरांच्या केसांत. बस म्हटलं की "बसतो, बसतो" म्हणायचा आणि बाहेर जाऊन वारा कुठला आहे ते बघून यायचा. जणू मघाशी बघितलेला वारा एवढ्यात शिळा झाला असेल.

त्याची बायको सांगायची की झोपेतही त्याचे पाय चालतात. लग्न झाल्यावर पहिल्या हिवाळ्यात ती दोनदा माहेरी निघून गेली, दोन्ही वेळा आपणच परत आली. म्हणाली, तिकडे फार शांत वाटतं, झोप लागत नाही.

पुढे मी बारा वर्षं ढोल घेऊन आमच्या बर्फाच्या मुलखातून खाली, दक्षिणेतल्या शहरांतल्या मोठमोठ्या नाट्यगृहांतून नाचलो. तुमच्यासारख्या रसिकांनी भरभरून प्रेम दिलं, ते मी उशाशी घेऊन झोपतो. प्रवेशाच्या आधी विंगेत उभ्या असलेल्या माणसाच्या पायांचं काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. पण एकदा का तो उजेडात आला की पाय ठरतात. कुब्लू मात्र बावीस वर्षं विंगेतच उभा होता. त्याला कुठल्या प्रवेशाची वाट बघायची आहे, हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं.

हात मात्र काय हात होता! पन्नास तंबूंच्या आमच्या वस्तीत त्याच्या तोडीचा कोरणारा नव्हता. सुळ्याच्या टोकातून तो अस्वल काढायचा, ते पाण्यातून नुकतंच वर आल्यासारखं ओलं दिसायचं. बदक, कुत्रा, मासा, स्लेजवर बसलेली म्हातारी, जे सांगाल ते. फक्त सील नाही. दुकानवाला गोरा भला माणूस होता, तो दर उन्हाळ्यात विनवायचा की बाबा रे, जहाज यायच्या आधी मला दहा सील करून दे, माझ्याकडच्या लोकांना सीलच हवं असतं. कुब्लू म्हणायचा, सीलचा चेहरा मला जमत नाही. अस्वलाच्या पापण्या कोरणाऱ्याला सील जमत नाही! आम्ही हसायचो. त्याच्या दुसऱ्या खोडीला मात्र कोणी हसत नसे. कुब्लू समुद्रावर जात नसे. आतल्या डोंगरांत रेनडियरमागे दहा दिवस चालायचा, नदीवर भाल्याने मासे मारायचा, पण किनाऱ्याच्या बर्फावर किंवा बोटीत त्याने पाऊल टाकलं नाही. त्याचं कारण सगळ्यांना माहीत आहे असं आम्हाला वाटायचं. थोरला भाऊ समुद्राने नेला, म्हणून.

थोरला उत्तुवाक. बावीस वर्षांचा होता, आणि कुब्लू चौदाचा. वसंतात बर्फाच्या कडेला तो आणि तुलीमाक शिकारीला गेले होते. वारा फिरला, त्यांच्या पायाखालचा बर्फ तुटून निघाला. तुलीमाकने फटीवरून उडी मारली. उत्तुवाक मारणारच होता, पण स्लेजला जुंपलेल्या कुत्र्यांचे पट्टे गुंतले होते, ते कापायला मागे वळला. कुत्री पोहून आली, तो आला नाही.

त्या वेळी त्यांची बहीण इवालू पोटुशी होती. हिवाळ्यात मुलगी झाली, आणि रीतीप्रमाणे तिला गेलेल्याचं नाव दिलं. उत्तुवाक परत आला. बाहेरून आलेल्यांना यात गंमत वाटते, पण आमच्याकडे यात गंमत नसते. नाव आलं की माणूस आला, नाती त्याच्याबरोबर आली. इवालू स्वतःच्या लेकीला दादा म्हणायची आणि नाक पुसता पुसता दादाला रागवायची. कुब्लूसाठी तर ती पाळण्यातल्या दिवसापासून थोरला भाऊ. "दादा, कुठे गेला होतास?" असं तो पाच वर्षांच्या पोरीला विचारायचा, आणि ती कमरेवर हात ठेवून सांगायची, "धाकट्या, तुला काय करायचंय?" थोरल्याचं सगळं तिच्यात होतं. तोच उजवा खांदा पुढे काढून चालणं, तोच भाल्याचा नेम. तिला शिवणकामाला बसवायचा प्रयत्न इवालूने एक हिवाळा केला आणि सोडून दिला. मग ती पुरुषांबरोबर जाऊ लागली. कोणी नवल केलं नाही. दादा आधीपासूनच शिकारी होता.

ही एकवीस वर्षांची होती त्या उन्हाळ्याची गोष्ट. तुलीमाक आता म्हातारा होता, वस्तीतली एकुलती एक मोठी बोट त्याची. वॉलरसच्या शिकारीला पुढच्या टोकावर उभं राहून पहिला भाला मारायचा मान त्याने उत्तुवाकला दिला. भाला मारणारा तिथे एकटा असतो. भाल्याला बांधलेला दोर पायात अडकला तर वॉलरस त्याला घेऊनच खाली जातो. त्या जागेवर कोणी ताईताशिवाय उभं राहत नाही.

पाद्री आल्यापासून ताईत उघड घालणं बंद झालं होतं. गळ्यात क्रूस, आणि डगल्याच्या आत अस्तराला ज्याचा त्याचा ताईत शिवलेला. पाद्रीबाबांना ते कळत नसेल असं नाही, पण त्यांनी कधी कोणाचं अस्तर उलटून पाहिलं नाही. याबद्दल मी अजून त्यांना दुवा देतो. थोरल्या उत्तुवाकचा ताईत म्हणजे त्याच्या आजोबांनी कोरलेलं एक सील. अंगठ्याच्या पेराएवढं, श्वास घ्यायला डोकं वर काढलेलं, पाठीवर काजळी भरलेले सात ठिपके. ते त्याच्याबरोबरच गेलं अशी सगळ्यांची समजूत होती. तेव्हा उत्तुवाक सरळ कुब्लूकडे गेली आणि म्हणाली, "धाकट्या, माझं सील समुद्रात गेलं. मला तसंच दुसरं करून दे. बोट सुटायच्या आत."

थोरल्या भावाने काही मागितलं तर नाही म्हणता येत नाही. कुब्लू हो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पक्ष्यांच्या कड्यावर अंडी आणायला निघून गेला. तीन दिवसांनी परत आला तो अंडी न आणताच.

खाडीत तेव्हा बर्फ दाटला होता. वारा फिरून तो बाहेर निघाल्याशिवाय बोट सुटणार नव्हती. त्या उन्हाळ्यातले ते नऊ दिवस मी विसरलो नाही. सूर्य मावळत नाही, झोप येत नाही, सगळी वस्ती किनाऱ्यावर. कुत्री उगाच भांडायची. तुलीमाक तासातासाला टेकडीवर चढून दुर्बीण लावायचा आणि खाली येऊन कोणावर तरी खेकसायचा. दूरवर बर्फावर वॉलरस डुरकायचे, ऐकू यायचे, आणि आमच्या चुलीवर मात्र तेच पातळ माशाचं पाणी. सगळेच अस्वस्थ. पण कुब्लूसमोर आम्ही सगळे दगडासारखे स्थिर. तो किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, परत यायचा, उत्तुवाक दिसली की तंबूमागे वळायचा. ती विचारायची, झालं का? तो म्हणायचा, सुळा चांगला मिळत नाहीये. इवालूने चांगला सुळा आणून दिला. मग म्हणाला, कानस बोथट झालीय. मी माझी कानस दिली. मग त्याला निमित्त उरलं नाही.

आठव्या दिवशी त्याने मला धरलं. थांबलेल्या माणसाशी तो बोलू शकत नसे, म्हणून मलाही त्याच्याबरोबर गोट्यांवरून चालावं लागलं.

"ढोलक्या," तो म्हणाला, "दादाचं सील मी चोरलं होतं."

मग त्याने सांगितलं. चौदा वर्षांच्या कुब्लूला त्या सीलने वेड लावलं होतं. आजोबांच्या हातासारखा आपला हात आहे की नाही, हे त्याला बघायचं होतं. दादा झोपला असताना त्याने अस्तराची वीण उसवली, सील काढलं आणि दिवसभर खडकाआड बसून तसंच दुसरं कोरलं. बसून, तो मला म्हणाला, तेव्हा मी बसायचो. चरबी आणि काजळी चोळून नव्याला जुनं केलं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवली, आणि पोर खूश झालं, कारण आपलं कोणतं ते त्याचं त्यालाच ओळखता येईना. पहाटे अचानक निघायची हाक आली. दादा डगला मागत होता. कुब्लूने हाताला लागलं ते सील अस्तरात खुपसलं, दोन टाके घातले आणि डगला दिला. दुसरं त्याच्या मुठीत राहिलं. कोणतं गेलं आणि कोणतं राहिलं, त्याला कळलं नाही.

त्याने गळ्यातली कातड्याची पिशवी काढून माझ्या तळहातावर उपडी केली. सील. डोकं वर, पाठीवर सात ठिपके.

"बावीस वर्षं बघतोय. हे खरं असेल, तर मी भावाला नुसत्या हाडाच्या तुकड्यावर पाठवलं. मी मारलं त्याला. आणि हे माझं असेल, तर खरं त्याच्या अंगावर होतं आणि तरी तो गेला. मग आजोबा खोटे, ताईत शिवताना त्यांनी म्हटलेले शब्द खोटे, सगळंच खोटं. तू सांग, मी यातलं काय खरं मानू?"

संवाद विसरण्याची वेळ माझ्यावर क्वचितच आली, त्यातली ती एक. मी एवढंच म्हटलं की आता तिला नवं करून दे आणि मोकळा हो.

"दिलं आणि ती गेली, तर? माझ्याच हातचं दुसऱ्यांदा?" तो म्हणाला.

मग तिला सांग, मी म्हटलं.

"तिला सांगायला मी घाबरत नाही रे. पोर आहे ती. पण मला दादाला सांगावं लागणार आहे."

नवव्या दिवशी सकाळी वारा फिरला. खाडीतला बर्फ बघता बघता बाहेर सरकला, आणि किनाऱ्यावर एकच धावपळ. पेट्रोलचे डबे, दोर, प्रायमसचा स्टोव्ह, चहाची किटली. तुलीमाक कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून ओरडत होता की ओहोटी लागायच्या आत निघालो नाही तर बोट खडकावर बसेल, मग बसा इथेच हिवाळ्यापर्यंत. मीही त्या खेपेला बोटीवर होतो. उत्तुवाक एका पिंपावर बसून भाल्याचं पातं दगडावर घासत होती. कुब्लू तिच्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणजे डावीकडे दोन पावलं, उजवीकडे दोन पावलं, त्याच्या मानाने तो उभाच होता.

"दादा," तो म्हणाला, "तुझं सील मी चोरलं होतं."

तिने पातं घासणं थांबवलं नाही. "कधी?"

"तू गेलास त्याच्या आदल्या दिवशी."

त्याने मला सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. तसंच, काही न लपवता. इवालू दोर गुंडाळता गुंडाळता थांबली. तिने आत्तापर्यंत यातलं एक अक्षर ऐकलं नव्हतं. उत्तुवाकने पातं मांडीवर पुसलं, हात पुढे केला. त्याने पिशवी दिली. तिने सील उजेडात धरून फिरवून पाहिलं. आजूबाजूचा गोंगाट चालूच होता, पण आमच्या चौघांपुरतं प्रेक्षागृह अगदी शांत झालं.

"हे तुझं असेल," ती म्हणाली, "तर चौदाव्या वर्षीच तू आजोबांना गाठलं होतंस."

तो दोन पावलं डावीकडे सरकला.

"मला विचारलं का नाहीस?"

"तू दिलं नसतंस."

"नसतंच दिलं. महिनाभर तुझ्याशी बोललो नसतो."

"मग आता नको बोलू."

"बावीस वर्षं तू माझ्याशी बोलला नाहीस धाकट्या. पुरे झालं." ती पिंपावरून उठली. "मी कुत्र्यांसाठी मागे वळलो. त्या तुलीमाकला विचार, बघत होता तो. आज कुत्री अडकली तर आजही वळेन. सील काय मला मानगुटीला धरून ओढणार होतं? ताईत आहे तो, दोर नाही."

"म्हणजे खरं तुझ्याकडे होतं? आणि त्याचा उपयोग झाला नाही?"

"उपयोग झाला नाही कसा? मी आलो ना परत? इथे उभा आहे ना तुझ्यासमोर?"

तिच्या आवाजात चीड होती, म्हणजे दयेने, गोड बोलून समजूत काढतात तसलं काही नव्हतं. थोरल्या भावाला धाकट्याच्या मूर्खपणाची येते ती शुद्ध चीड. इवालू तोंडावर हात धरून हसत होती की रडत होती, मला आजही सांगता यायचं नाही. कुब्लूचे पाय मात्र, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, थांबले होते.

फार वेळ नाही. कारण उत्तुवाकने लगेच त्याच्या हातात सुळ्याचं टोक कोंबलं. म्हणाली, मला माझं सील हवंय, तिसरं, आणि आत्ता हवंय. तू केलेलं, तूच केलेलं, हे मला माहीत असलेलं.

मग जे झालं त्याला तोड नाही. एकीकडे ओहोटी लागलेली, तुलीमाक पाण्यात उभा राहून शिव्या घालतोय, बोटीत चढलेली माणसं उतरताहेत, आणि कुब्लू किनाऱ्यावर येरझारा घालत सील कोरतोय. बावीस वर्षांत पहिलं. धनुकलीच्या दोरीने फिरवायच्या गिरमिटाने ठिपके पाडायला मी तुकडा धरला, तर मलाही त्याच्याबरोबर पळावं लागलं. सहा ठिपके झाले तोवर बोटीचा तळ गोट्यांना घासायला लागला. तुलीमाक म्हणाला, "तुझ्या सीलला पाय फुटायची वाट बघू का आता?" उत्तुवाकने त्याच्या हातातून सील ओढून घेतलं.

एक पंजा आखूड होता. मान डावीकडे वळलेली. सातवा ठिपका नव्हताच.

"वाकडं झालंय," ती म्हणाली.

"तू वेळ दिला नाहीस."

"असू दे. हे कोणी चोरणार नाही."

इवालूने तिथेच गुडघ्यावर बसून रेनडियरच्या तातीने ते तिच्या अस्तराला शिवलं. सात टाके घातले तिने, दोन नाही. शिवताना काय म्हणायचं ते त्यांच्या घरातलं आहे, ते मी सांगणार नाही. जुनं सील उत्तुवाकने परत पिशवीत टाकलं आणि पिशवी कुब्लूच्या गळ्यात अडकवली.

"मला कशाला? मी कुठे समुद्रावर जातो?"

"आजपासून जातोस," दादा म्हणाला. "बस बोटीत."

तो बोटीत चढला, पण बसला नाही. आम्ही सहा माणसं त्या बोटीत तीन दिवस होतो, आणि तीन दिवस एकच वाक्य सगळ्यांच्या तोंडी: बस खाली, बोट कलंडेल. वॉलरसांच्या कळपाजवळ आलो, इंजिन बंद केलं, कोणी श्वास घेईना, उत्तुवाक टोकावर भाला उचलून उभी, आणि मागे हा उभा! तुलीमाकने त्याच्या डगल्याची शेपटी धरून ठेवली होती. तिने भाला सोडला. दोर सूं करत पळाला. तिच्या डाव्या पायाला त्याचं वेटोळं पडलं हे मला दिसलं आणि मी ओरडेपर्यंत कुब्लू माणसांच्या अंगावरून, मांसाच्या पाटीवरून पुढे पोहोचला होता. त्याने वेटोळं उडवलं, पाय सुटला, दोर बाहेर. एवढंच. डोळ्याचं पातं लवायला लागतो तेवढा वेळ. बसलेला माणूस तिथे पोहोचू शकला नसता.

ती मागे वळलीसुद्धा नाही. दोराच्या टोकाला बांधलेल्या तरंगत्या फुग्यावर नजर ठेवूनच म्हणाली, "धाकट्या, आता तरी बसशील का?"

नाही बसला. मरेपर्यंत बसला नाही. त्यानंतर तो तीस वर्षं जगला, दर उन्हाळ्याला समुद्रावर गेला, आणि सीलं कोरायला लागला ती अशी की दुकानवाल्याला खोकी पुरेनात. पण एक सांगतो. पूर्वी तो चालायचा तेव्हा कुठून तरी लांब जात असल्यासारखा दिसायचा. नंतर चालायचा तो नुसता चालणारा माणूस. त्याची बायको म्हणाली की झोपेतले पाय थांबले, आणि मग आठवडाभर तिलाच झोप लागली नाही.

अलीकडे वस्तीत एका संग्रहालयाची माणसं आली होती. सज्जन होती, चहा पीत ऐकत बसली. आम्ही म्हाताऱ्यांनी आपापले ताईत चटईवर मांडले. उत्तुवाकही आता नातवंडांची आजी आहे, तिने तिचं वाकडं सील मांडलं आणि कुब्लूच्या मुलाने बापाच्या गळ्यातलं सात ठिपक्यांचं. त्यावर ती माणसं अक्षरशः वाकली. किती जुनं, कोणाच्या हातचं, खरं ना, असं विचारू लागली. मुलगा म्हणाला, देता येणार नाही, आणि खरं का ते आम्हालाही माहीत नाही. ती माणसं हिरमुसली. वाकड्या सीलवरून त्यांची नजर तीनदा गेली आणि एकदाही थांबली नाही.

उत्तुवाकने ते उचलून अस्तरात घातलं, माझ्याकडे बघून एक भुवई वर केली, आणि उरलेला चहा पिऊन टाकला.